जागा दाखवणे

रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. कास तलाव, मावळतीची वेळ, पाण्यावर केशरी पट्टा, उजव्या कडेला एक वाळलेलं झाड. दहा वाजेपर्यंत त्यावर ३१ प्रतिक्रिया जमल्या. अकरा जणांनी ‘अप्रतिम’ लिहिलं, सहा जणांनी ‘एक नंबर’, चौघांनी नुसते हात जोडले, दोघांनी आगीचं चित्र चिकटवलं आणि पाच जण ‘निःशब्द’ झाले. या पाचांतले एक गृहस्थ त्याच सकाळी आणखी तीन फोटोंवर निःशब्द झालेले होते. उरलेल्या तिघांनी मावळत्या सूर्याखाली ‘शुभ सकाळ’ लिहिलं.

क्षितिज मात्र डावीकडे इतकं कललेलं होतं, की तलावाचं पाणी फोटोच्या कोपऱ्यातून सांडत थेट साताऱ्यात उतरेल असं वाटत होतं. तसंही साताऱ्याला कासचं पाणी येतं, पण ते पाइपातून. ३१ जणांपैकी एकानेही हे लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. सव्वादहाला एका नव्या सभासदाने लिहिलं, “क्षितिज वाकडं आहे. बेसिक गोष्ट आहे ही. आधी ती शिका, मग कासला जा.”

पुढे जे व्हायचं तेच झालं. ‘नकारात्मकता नको’ असं एकाने बजावलं. ‘तुमचेही फोटो पाहिलेत आम्ही’ असं दुसऱ्याने सुनावलं. तिसऱ्याने ‘खरं बोललेलं झोंबतं’ म्हणून नव्याची बाजू घेतली. ॲडमिनने वातावरण खेळीमेळीचं ठेवण्याची विनंती केली. ज्याचा फोटो होता त्याने तो गुपचूप काढून टाकला. दुपारी कुणीतरी उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला आणि सगळे पुन्हा निःशब्द झाले.

या भांडणाला गोड बोलणारे आणि खरं बोलणारे अशा दोन पार्ट्यांचं भांडण म्हणतात. मला ते पटत नाही. त्या सकाळी ३२ जणांपैकी कुणीच फोटो पाहिला नव्हता. एकतिसांनी फोटो कुणाचा आहे ते पाहिलं. बत्तिसाव्याने क्षितिज पाहिलं आणि तो तिथेच थांबला. फोटो काढून टाकला तरी माझ्या फोनच्या गॅलरीत उतरलेला होता. जेवण झाल्यावर तो मोठा करून पाहिला, तर त्या वाळलेल्या झाडाच्या खालच्या फांदीवर एक खंड्या बसलेला दिसला. मागून उजेड, त्यामुळे काळा ठिपका आणि पुढे सुईसारखी चोच. तो अख्खा फोटो त्या चोचीसाठी काढलेला होता की काय, कोण जाणे. विचारलं कुणी?

आपण दाद देणारी माणसं आहोत असं आपल्याला फार वाटतं. पण दाद म्हणजे काय, हे गाण्याच्या बैठकीत जाऊन बघावं. तिथे दाद कुठेही देऊन चालत नाही. गवई समेवर येतो तेव्हा, किंवा एखादी अवघड जागा अलगद घेतो तेव्हा माना हलतात. भलत्या ठिकाणी वाहवा केली तर गवयाला कळतं, तबलजीला कळतं, आणि शेजारचे आजोबा चष्म्यावरून बघतात. बैठकीतली दाद ही स्तुतीच असते, पण तिच्यावर पत्ता लिहिलेला असतो. ‘काय जागा घेतली!’ या उद्गारात गवयाला समजतं की आपण नेमकं काय केलं ते समोर पोचलं. ‘अप्रतिम’वर पत्ताच नसतो. कुठल्याही फोटोखाली ते पत्रक टाकल्यासारखं टाकता येतं.

‘जागा दाखवणे’ या शब्दप्रयोगाची मराठीत मोठी गंमत आहे. फोटोतली जागा दाखवणं म्हणजे नजर कुठे ठरते, कुठे अडखळते ते बोट ठेवून सांगणं. आणि माणसाला त्याची जागा दाखवणं म्हणजे त्याचा पाणउतारा करणं. आमच्या ग्रुपांवर पहिलं कुणी करत नाही, म्हणून परखड म्हणवणाऱ्यांना दुसऱ्याचीच सवय लागते. ‘बेसिक गोष्ट आहे ही’ या वाक्यात फोटोबद्दल काहीही नाही. ‘क्षितिज वाकडं आहे’ इथे बोलणं संपलं असतं तर तो अभिप्राय झाला असता. पुढचं सगळं माणसाबद्दल आहे.

मी फोटो काढायला लागलो तेव्हा साताऱ्यात राजवाड्याजवळ एक स्टुडिओ होता. मामाचा कॅमेरा, ३६ फोटोंचा रोल, आणि प्रत्येक प्रिंटचे वेगळे पैसे. रोल धुवायला टाकला की तीन दिवस वाट बघायची. स्टुडिओवाले काका प्रिंटांचं पाकीट तसंच हातात देत नसत. काउंटरच्या काचेवर पत्ते वाटावेत तसे फोटो पसरायचे, न बोलता एकेक बाजूला सारायचे आणि शेवटी दोन-तीन समोर उरायचे. एकदा असे तीन उरले. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्या पोराच्या पायाखाली जमीन ठेवलीस, बरं केलंस. नाहीतर लोक पोरांना अधांतरी लटकवतात.” दुसऱ्यावर म्हणाले, “हिच्या डोळ्यात खिडकी आलीय बघ.” मी बघितलं. माझ्या मावसबहिणीच्या डोळ्याच्या बाहुलीत खरोखरच एक इवलीशी चौकट होती. खिडकीकडे तोंड करून तिला मी बसवलं नव्हतं, ती तशी बसली होती. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुणाचाही चेहरा टिपताना आधी डोळ्यात खिडकी शोधतो. तिसरा फोटो उचलून काका एवढंच म्हणाले, “हा ठेव.”

उरलेल्या ३३ फोटोंबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्या काळी मला ते थोर वाटलं होतं. आता वाटतं, थोडं काढायला हवं होतं. बटण दाबताना मला उजवा खांदा वर उचलायची सवय होती, त्यामुळे माझ्या निम्म्या फोटोंत जमीन उजवीकडे घसरलेली असायची. हे मला पाच वर्षांनी, एका लग्नात माझाच फोटो काढताना दुसऱ्या फोटोग्राफरने सांगितलं. काकांना ते पहिल्या रोलपासून दिसत असणार. म्हणजे ‘चांगलं तेवढंच सांगावं, वाईट माणसाला आपोआप कळतं’ हे धोरणही पुरं पडत नाही. कळत नाही आपोआप. खांदा स्वतःचा असला तरी स्वतःला दिसत नाही.

दोष सांगण्याची एक मोठी फजिती इंटरनेटच्या इतिहासात नोंदलेली आहे. २००६ साली फ्लिकर या फोटो टाकायच्या वेबसाइटवर एक ग्रुप होता. तिथे लोक एकमेकांचे फोटो तपासायचे आणि ठेवावा की काढून टाकावा यावर मत द्यायचे. तिथे एकाने, मूळ फोटोग्राफरचं नाव न सांगता, एक काळा-पांढरा फोटो टाकला. वरून पाहिलेला वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुसाट जाणारा सायकलवाला. सभासदांनी तो धुऊन काढला. सायकलवाला अस्पष्ट आहे, फोटो दाणेदार आहे, शार्पनेस नाही, काढून टाका. तो फोटो विख्यात फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा होता. १९३२ साली फ्रान्समधल्या इएर गावात काढलेला, विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या फोटोंपैकी एक.

हा किस्सा फोटोग्राफर मंडळी फार चवीने सांगतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या कामासाठी. आपल्या फोटोला कुणी नावं ठेवली की ‘अहो, ब्रेसाँलाही ठेवली होती’ म्हणून ढालीसारखा पुढे करतात. ब्रेसाँचा सायकलवाला अस्पष्ट होता म्हणून आपला अस्पष्ट वासुदेव थोर ठरत नाही. किस्सा आहे तो अभिप्राय देणाऱ्यांचा. अस्पष्टपणा त्यांना बरोबर दिसला होता. तो तिथे काय करतोय, हे त्यांनी विचारलं नाही. जिना जागच्या जागी गोठलेला आणि त्याच्या गुंडाळीतून सुटलेली एकच वस्तू वेगात, म्हणून ती पुसट. त्याच पुसटपणात त्या फोटोचा प्राण आहे. तपासणाऱ्यांकडे एक यादी होती: शार्प आहे का, दाणे आहेत का, क्षितिज सरळ आहे का. यादी हातात असली की फोटोकडे बघायची गरज उरत नाही, खुणा केल्या की झालं.

माझ्या हातातही ती यादी होती आणि तिने एक नुकसान केलं. साधारण दोन वर्षांपूर्वी बार्शीकडची एक मुलगी आमच्या ग्रुपवर आली. फोनवर फोटो काढायची. तिने एक फोटो टाकला: आजी चुलीपुढे बसलेली, घरात धूर, छपरातल्या काचेच्या कौलातून एक उजेडाचा सोट खाली उतरलेला, आणि डाव्या कडेला एक पितळी डबा. खाली तिने लिहिलं होतं, ‘कसा वाटला सांगा.’ म्हणजे तिने विचारलं होतं. मी ग्रुपवरचा जाणता माणूस. मी लिहिलं, ‘छान प्रयत्न. नॉइज फार आहे, चेहरा सॉफ्ट आहे. डावीकडचा डबा लक्ष विचलित करतो, तो क्रॉप करा.’ (नॉइज म्हणजे फोटोत उमटणारे दाणे, सॉफ्ट म्हणजे रेखीव न आलेला, आणि क्रॉप करणं म्हणजे कडेचा भाग कापून टाकणं.) तिचं उत्तर आलं, ‘सर, तो डबा आजीच्या लग्नातला आहे.’ बाकी काही नाही. त्यानंतर तिने फोटो टाकला नाही आणि दोन महिन्यांनी ग्रुप सोडला.

तिने सोडण्याचं कारण मीच असेन असं नाही. माणसं ग्रुप सोडतात, नोकऱ्या लागतात, फोन बदलतात. पण माझ्या त्या तीन वाक्यांची चिरफाड मी बऱ्याचदा केली आहे. ‘छान प्रयत्न’ हे कौतुक नव्हतं, ते वरच्या पायरीवरून फेकलेलं नाणं होतं. ‘सॉफ्ट’ आणि ‘नॉइज’ तर मी व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेल्या फोटोवरून ठरवलं होतं. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्यातले तपशील कमी करतं, आणि शटरचा वेग किती होता, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता किती होती ही सोबतची माहितीही पुसून टाकतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती शाबूत राहते. हे मला माहीत होतं. तरी मी सहा इंची पडद्यावर, भर उन्हात, बसस्टॉपवर उभा राहून एका चेहऱ्याला सॉफ्ट म्हटलं. आणि डबा. तो चुकून आलाय की मुद्दाम ठेवलाय, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं बोलणं वेगळ्या वाटेने गेलं असतं. कदाचित डबाच विषय होता आणि आजी त्याच्या निमित्ताने आली होती.

म्हणून माझा आता एक हट्ट झाला आहे. दुरुस्ती सुचवण्याआधी, आपल्याला काय दिसलं ते सांगितलंच पाहिजे. चित्रकलेच्या महाविद्यालयांत भिंतीवर कामं टाचून चर्चा होते, तिथे चांगले शिक्षक पोरांना आधी वर्णनच करायला लावतात, निकाल शेवटी. आमच्याकडे निकाल आधी आणि वर्णन कधीच नाही. ‘माझी नजर आधी डब्यावर गेली, कारण तो सगळ्यांत जास्त चमकतोय, आजींकडे यायला मला वेळ लागला’ हे वाक्य घ्या. यात चूक काढलेली नाही, हुकूमही नाही. पण फोटो काढणारीला जे हवं ते सगळं यात आहे. तिला आजी आधी दिसायला हवी असेल तर काय करायचं ते ती स्वतः ठरवेल. डबा आधी हवा असेल तर तिचं काम फत्ते झालं. आणि असं वाक्य लिहायचं तर फोटो निदान अर्धा मिनिट बघावा लागतो, यातच अर्धी लढाई जिंकली. स्पर्धांमध्ये परीक्षक एकेका फोटोला काही सेकंदच देतात, त्यामुळे तिथे पहिल्या झटक्यात डोळ्यांत भरणारे भडक फोटो पुढे सरकतात. आपल्याला कुणी हजार फोटो निकाली काढायला बसवलेलं नाही.

असा अभिप्राय लागतोच, याचं एक कारण फोटोग्राफीच्या धंद्यातच दडलेलं आहे. फोटो काढणाऱ्याला स्वतःचा फोटो धड दिसत नाही. पहाटे दोनला उठून, पाचनईतून हरिश्चंद्रगड चढून, कोकणकड्यावर थंडीत कुडकुडत काढलेल्या फोटोत त्याला ती थंडी दिसते, सोबत्याचा विनोद दिसतो, सुजलेला घोटा दिसतो. बघणाऱ्याला फक्त धुकं दिसतं, आणि तेही राखाडी. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड आपले रोल वर्ष-दीड वर्ष धुवायचाच नाही, कारण काढतानाची धुंदी उतरल्याशिवाय फोटो नीट पारखता येत नाही असं त्याचं म्हणणं होतं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. आपल्याला गडावरून उतरायच्या आत फोटो ग्रुपवर टाकायचा असतो. मग जो गडावर नव्हता अशा माणसाचे डोळे उसने घ्यावे लागतात. अभिप्राय देणाऱ्याची सगळी किंमत तो तिथे नव्हता यातच आहे, आणि ‘वा! काय कष्ट घेतलेत!’ म्हणून तो ती घालवतो.

आता ‘सर’ या प्रकरणाकडे येऊ. बार्शीच्या मुलीने मला ‘सर’ म्हटलं होतं. मी तिला काहीही शिकवलेलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर चार सर, दोन दादा आणि एक गुरुजी आहेत, आणि गेल्या कित्येक वर्षांत या सातांपैकी कुणाच्याही फोटोवर कुणी शंका काढलेली मला आठवत नाही. अभिप्राय पाण्यासारखा वरून खालीच वाहतो. ज्येष्ठाला सुचवायचं म्हणजे आगाऊपणा, आणि धाकट्याला सुचवायचं म्हणजे मार्गदर्शन. मग ज्येष्ठ वीस वर्षं तोच फोटो काढत राहतो. दिवे घाटाच्या वळणावरून तीच पालखी, तेच भगवे झेंडे, त्याच उंचीवरून. त्याला कुणी सांगत नाही की सर, हा तुमचाच २००८ सालचा फोटो आहे. बायकांच्या फोटोंचं आणखी वेगळं. त्यांच्या फोटोखाली एक तर सेटिंगची न मागितलेली शिकवणी सुरू होते, नाही तर फोटो सोडून बाईंचं कौतुक. आमच्या ग्रुपवरच्या एका बाईंनी पंधरा वर्षं लग्नाची फोटोग्राफी केली आहे. त्यांना परवा एका पोराने ॲपर्चर (लेन्सचं लहान-मोठं होणारं भोक) म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ‘धन्यवाद, दादा’ लिहिलं. तेवढं मात्र त्या ग्रुपवर मी वाचलेलं सर्वांत धारदार वाक्य होतं.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन उणीपुरी पंधरा वर्षं झालेली असताना. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. एकमेकांची कामं समोर ठेवून बघायला जमायची सवय आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. त्यामुळे ‘हे सगळं मोबाइलमुळे बिघडलं’ हे रडगाणं मला नको वाटतं. मोबाइलने एकच केलं: बघण्याचा आणि बोलण्याचा वेळ वेगवेगळा केला. समोरासमोर बसून कुणी ‘निःशब्द’ म्हणून दाखवावं. पुढचं वाक्य बोलावंच लागतं.

यावरचा सर्वांत खरा आक्षेप मला माझ्या बायकोने घेतला. ती म्हणाली, “दिवसभर बँकेत राबून एखादा माणूस तळ्यावर जातो, एक फोटो काढतो, चार लोकांनी छान म्हणावं एवढंच त्याला हवं असतं. त्याला कशाला तुमची शाळा?” बरोबर आहे. फोटो हा निरोपही असतो. ‘मी इथे होतो, संध्याकाळ बरी गेली’ एवढंच त्याला सांगायचं असतं, आणि निरोपाला व्याकरणाच्या चुका काढून उत्तर देत नाहीत. म्हणून सौंदर्याबद्दलचा सल्ला, मागितल्याशिवाय देऊ नये या मताला मी आलो आहे. पण मग मागणाऱ्यानेही मागायला शिकलं पाहिजे. एका दमात बावीस फोटो टाकून ‘सूचना अपेक्षित’ लिहिणं म्हणजे पंगतीत २२ पातेली आणून ‘मीठ बघा’ म्हणणं. एक फोटो टाका. काय जमवायचा प्रयत्न होता ते एका ओळीत लिहा: ‘खंड्याची चोच पाण्यावर उठून दिसावी असं मनात होतं, जमलं का?’ आमच्या रविवारच्या फोटोखाली ही एक ओळ असती तर बत्तिसाव्या माणसालाही क्षितिजापलीकडे बघावं लागलं असतं.

या मागितल्याशिवाय न देण्याच्या नियमाला माझ्या लेखी एक अपवाद आहे, आणि तिथे मी गोड बोलायला तयार नाही. फोटो कसा मिळवला, हा तो अपवाद.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. उथळ पाण्यात मान खाली घालून चरत असलेला थवा हा काही फार सनसनाटी फोटो नव्हे. थवा उडाला की पंखांखालचा लाल-काळा रंग उघडतो आणि ‘निःशब्द’ची रांग लागते. “उडवून देऊ का साहेब?” हा प्रश्न मी स्वतः होडीत बसून ऐकला आहे, आणि दुसऱ्या होडीतल्या साहेबांनी मान हलवलेलीही पाहिली आहे. पक्षी मैलोन्‌मैल उडून इथे खायला आलेला असतो, आणि आपण त्याला एका फोटोसाठी ताटावरून उठवतो. घरट्यांचं तर विचारू नका. पिल्लांना भरवणारी आई स्वच्छ दिसते, आजूबाजूला एक पान नाही, प्रकाश मोकळा. पान का नाही? कुणीतरी आडव्या येणाऱ्या फांद्या बाजूला केलेल्या असतात, आणि फोटोग्राफर निघून गेल्यावर ते उघडं पडलेलं घरटं कावळ्यालाही तितकंच स्वच्छ दिसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं धरलेलं आहे. म्हणजे ज्याला आपण ‘काय टायमिंग!’ म्हणतो, ते कायद्याच्या भाषेत भलतंच काही असू शकतं. अशा फोटोखाली ‘किती अंतरावरून काढला? घरटं होतं तसंच ठेवलंत का?’ हे सगळ्यांसमोर विचारायला हवं, फोटो कुठल्याही सरांचा असो. खासगीत विचारलं तर त्या एकालाच कळतं. ग्रुपवर विचारलं तर पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन निघालेल्या दहा जणांना कळतं.

काजव्यांचे फोटो जरा वेगळ्या जातीचे. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला झाडं लखलखतात आणि ग्रुपवर अख्खं रान पेटल्यासारखे फोटो येतात. ते बहुतेक वेळा एकाच जागी कॅमेरा रोवून घेतलेले अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. त्यात लबाडी नाही, लिहिलं असेल तर. लिहिलं नाही की पुढच्या वर्षी शेकडो माणसं डोळ्यांना कधीच न दिसणारं दृश्य शोधत, गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या मारत त्या रानात शिरतात. ‘किती फ्रेम जोडल्यात?’ हा प्रश्न म्हणजे आडकाठी नव्हे.

आणि वारीतली म्हातारी. डोक्यावर तुळस, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, फोटो काळा-पांढरा, सुरकुत्या आणखी खोल केलेल्या. दर आषाढात असे डझनभर फोटो येतात आणि ‘जिवंत भाव!’ म्हणून सगळे मोकळे होतात. मी हल्ली अशा फोटोखाली एवढंच विचारतो, ‘कुठल्या दिंडीतल्या? बोलणं झालं का?’ बहुतेकांना सांगता येत नाही. एकाने मात्र सांगितलं. परभणीकडच्या, एकविसावी वारी, लेकीने नवीन चपला घेऊन दिल्यात त्या लागतात म्हणून पिशवीत ठेवल्यात. मग त्याने दुसरा फोटो टाकला, पिशवीतून डोकावणाऱ्या त्या चपलांचा. पहिल्याला चाळीस बदाम आले होते, दुसऱ्याला सहा. त्या सहांत एक माझा, आणि त्यासोबत मी जे लिहिलं ते गेल्या वर्षभरात मी ग्रुपवर लिहिलेलं सगळ्यांत लांब होतं.

बार्शीच्या मुलीचा तो फोटोही माझ्या गॅलरीत अजून आहे. तिला पाठवायचा म्हणून मी एक मजकूर लिहून ठेवलाय. चार दिवस तो तसाच पडून आहे, कारण तिने आता विचारलेलं नाही, आणि न विचारता सांगू नये असं मीच वर लिहून बसलोय. पण तिने एकदा विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मी द्यायचं राहिलं, असंही धरता येईल. मजकूर असा आहे:

‘नमस्कार. तुमचा आजींचा फोटो पुन्हा पाहिला, या वेळी घरी, मोठ्या पडद्यावर. माझी नजर आधी गेली आजींच्या हातावर, कारण कौलातला उजेड नेमका तिथे पडलाय. तिथून धुरातून वर चेहऱ्यापाशी आली. चेहरा अर्धा अंधारात आहे, तो तसाच राहू द्या. मग डावीकडे डब्यावर. डबा चमकतोय, इतका की क्षणभर आजींपेक्षा तोच मोठा होतो. तुम्हाला तसंच हवं असेल तर झालं. नसेल तर त्याची चमक थोडी उतरवून बघा, पण कापू नका. मागे मी कापायला सांगितलं होतं, ते न बघता सांगितलं होतं. एक विचारायचं राहिलं. आजी त्या डब्यात काय ठेवतात?’